माझ्या हॉलमधले गाणे कुणाचे?
इन्सुलीत माझा छोटा हॉल आहे. पेटी-तबल्यावर ‘संगीत शारदा’तले पद रंगले की मी निर्धास्त असतो. त्याचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो.

नव्या सिनेगीतांचा कार्यक्रम ठरला की हिशेब बदलतो. गायक समोर गात असला तरी शब्द-चालीसाठी आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना लागतो. ध्वनिमुद्रित गाणे लावले तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लग्नसोहळ्याला सूट आहे, तिकीट लावलेल्या मैफलीला नाही.

गीतकाराला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण रात्री खुर्च्या आवरून गल्ला मोजताना वाटते, गावातल्या छोट्या मंचासाठी परवडणारा दर आणि एकच खिडकी हवी. नाहीतर इथले गाणे मुके होईल.