रजेच्या अर्जातील जयंती

आल्बर्टा प्रांताच्या कायद्याने वर्षाकाठी ज्या नऊ सार्वत्रिक सुट्या मुक्रर केल्या आहेत, त्यांत येशू ख्रिस्ताचा अपवाद सोडल्यास व्यक्तिविशेषाच्या नावाची सुटी एकच, आणि तीही व्हिक्टोरिया राणीची! तेव्हा कॅल्गरीतील मराठी माणसास बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिल रोजीच साजरी करावयाची, तर पदरची एक रजा खर्ची घालावी लागते. पहिल्या वर्षी अर्जातील ‘कारण’ या रकान्यापाशी मी बराच वेळ थबकलो आणि अखेर ‘खाजगी काम’ असे लिहून मोकळा झालो. १९२७ च्या सत्याग्रहानंतर महाडचे चवदार तळे खाजगी असल्याचा दावा सनातन्यांनी लावला आणि तो दावा बाबासाहेबांनी १९३७ साली थेट मुंबई उच्च न्यायालयात मोडून काढला. त्याच पुरुषाच्या जयंतीस मी आपल्या हाताने खाजगी ठरविले, ही गोष्ट मला पुढे पुष्कळ दिवस डाचत राहिली.

जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ साली पुण्यात ही जयंती प्रथम सार्वजनिक रीतीने साजरी केली, तेव्हा तरी सरकारी सुटी कोठे होती? सुटी मागाहून आली, आणि तिच्याबरोबर ध्वनिवर्धकांच्या भिंतीही आल्या. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुटीचा कायदा १९८३ साली झाला. परंतु जन्म १५ जानेवारीचा असताना सुटी त्या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी ठेवण्यात आली, आणि १९९४ साली तर हा दिवस लोकसेवेत घालवावा, असे पुन्हा कायद्यानेच सांगावे लागले.

त्यांना हसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही, कारण आमचीही जयंती लगतच्या शनिवारी सरकते. भाड्याच्या सभागृहाच्या दाराशी बर्फाने ओले झालेले बूट ओळीने मांडलेले असतात, धुराची घंटा वाजू नये म्हणून प्रतिमेपुढे विजेच्या मेणबत्त्या लुकलुकतात, आणि चारच्या ठोक्याला खुर्च्या रचून किल्ली परत करावयाची असल्याने वक्त्यांची तारांबळ उडते. रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात, १९४३ साली पुण्यास, खुद्द बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा खरपूस समाचार घेतला होता, ही आठवण तेथे काढली की श्रोते किंचित अवघडतात. अवघडावेच, असे माझे मत आहे.

शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाने २०२१ साली १४ एप्रिल हा समता दिन म्हणून जाहीर केला. सुटी नव्हे, केवळ जाहीरनामा. आमच्या कॅल्गरीपाशी मात्र स्वतःचीच एक हकिकत आहे. फेब्रुवारी १९१४ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, येथील शर्मन ग्रँड नाट्यगृहात ‘किंग लियर’चे तिकीट हाती असूनही चार्ल्स डॅनियल्स या कृष्णवर्णीय रेल्वे कर्मचाऱ्यास खालच्या आसनावर बसू दिले नाही, वरच्या सज्जात जावयास सांगितले. त्याने नाट्यगृहाचे मालक सिनेटर जेम्स लॉघीड यांच्यावर फिर्याद गुदरली आणि १००० डॉलरांचा एकतर्फी निकाल मिळविला. त्याच्या नावाची सुटी नाही. इमारत मात्र अद्याप उभी आहे, आणि गेल्या जयंतीस आम्ही मुलांना तेथवर चालत नेले.

यंदा अर्जाच्या रकान्यात मी ‘आंबेडकर जयंती’ असे स्पष्ट लिहिले. वरिष्ठांनी बोलावून “हे कोण?” म्हणून पृच्छा केली, आणि तळ्यापासून आरंभ करून सज्जापर्यंत येता येता आम्हा दोघांचीही जेवणाची सुटी संपून गेली.