निवृत्तीसाठी मॉरिशस

निवृत्तीनंतर परदेशी बेटावर जाऊन राहावे हा विचार आता निव्वळ मनोराज्य राहिलेला नाही. पन्नाशी गाठलेल्या परकीयास मॉरिशसमध्ये निवृत्तीचा परवाना मिळू शकतो. मात्र ठरलेली रक्कम बाहेरून नियमित तेथे आणावी लागते.

पण आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जो तेथे जाऊन भाळतो, त्याने तेथल्या हिवाळ्याचा उंबरठाच पाहिलेला असतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, म्हणून ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळांचे दिवस. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ने हजारो घरे जमीनदोस्त केली, पक्की काँक्रीटची घरे तेथे सर्रास दिसू लागली ती त्यानंतर. किनाऱ्यावर दमट उष्मा, तर साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपीपला गारवा. पण पाऊस असा चिवट की सांधे धरलेल्याने तिकडे फिरकू नये!

मराठी माणसे भेटतील. करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे हे वंशज. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. परंतु घरची बोली बहुधा क्रिओल. मोदकावर गप्पा मारायच्या तर ती शिकावी लागेल.

खरी अडचण आजारपणाची. गुंतागुंतीच्या काही उपचारांसाठी तेथलेच रुग्ण भारतात येतात. मग आपण उलट दिशेने निघालो आहोत, हे ध्यानात घ्यावे. इथली जागा विकण्यापूर्वी एक जानेवारी-फेब्रुवारी तेथे भाड्याच्या घरात काढावी, आणि दोघांपैकी एकच मागे उरल्यास त्याचे कसे निभेल, हे नवराबायकोने तेथेच बसून बोलावे.