घाटाच्या पायथ्याचा टर्बो

मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला आलं की पुढे मोरोशी आणि मग माळशेज. कल्याण-नगर रस्त्याच्या या टप्प्यावर पिकअप दिवसरात्र धावते. जुन्नर, ओतूर, नारायणगावकडचा टोमॅटो नि भाजी घेऊन घाट उतरते, परतताना सिमेंट, खत, पत्रे घेऊन चढते. ही गाडी म्हणजे कित्येक घरांचं पोट, म्हणून तिच्यावर खर्च कशाचा करायचा हा प्रश्न हौसेचा नाही.

बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन कागदावर जेमतेम 75 अश्वशक्तीचं. तरी ते दीड टन माल घाट चढवतं, ते टर्बोच्या बळावर. एक्झॉस्टच्या झोतावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने 1905 मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून ऑइल नि ऑइल फिल्टर वेळेवर बदलणं आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करणं, याला पर्याय नाही.

‘गाडी ओढत नाही’ म्हटलं की कोणीतरी ताकद वाढवणारी चिप सुचवतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी गेलेली ताकद परत मिळवा. मुरमाच्या धुळीने भरलेला एअर फिल्टर बदला. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी होज नीट पाहा. क्लॅम्पच्या कडेला रबर चिरतं, तिथून तेलकट वाफ झिरपते, तिच्यावर धूळ बसून काळा चिकट डाग होतो. वरून होज धडधाकट दिसतो. बोट मागच्या बाजूने फिरवलं की चीर लागते. भरल्या गाडीने चढताना शिट्टीसारखा आवाज आणि मागे काळा धूर येत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. किरकोळ खर्चात गाडी पुन्हा ओढू लागते.

चिप काय करते? इंजिनाला जास्त डिझेल सोडायला लावते, त्याने ते जास्त तापतं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढताना रेडिएटरला वारा आधीच कमी, त्यात ही उष्णता. भार येतो टर्बो, हेड गॅस्केट आणि क्लच प्लेटवर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच बजावलं.

सस्पेन्शनच्या पाट्यांचंही तसंच. जादा पाटा टाकला की हौदा उचललेला दिसतो, पण अॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात. आणि ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो.

खरा पैसा लागावा तो ब्रेकला. माळशेज उतरताना 75 काय नि 100 काय, अश्वशक्ती कामाची नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. असं जुनं ऑइल तापलं की उकळतं आणि पेडल खाली जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ते वेळच्या वेळी बदलायलाच हवं. चांगले लायनर, भार पेलणारे टायर, स्वच्छ रेडिएटर आणि उतारावर खालचा गिअर, इतकं सांभाळा.

गाडीवाल्यांनो, चिपसाठी पैसे बाजूला काढले असतील तर पुढच्या खेपेआधी त्यांतून ब्रेकचं काम करून घ्या.