वस्त्रधारणेची चित्रपुस्तके आणि मराठी क्रियापदे

दोन-तीन वर्षांच्या मुलांना ग्रंथालयात एकत्र बसवून चित्रपुस्तक वाचून दाखविण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रूढ आहे. अशा कथावाचनात कपडे अंगावर चढविण्याचा विषय वारंवार येतो. स्वावलंबनाची सवय लागावी, हे त्याचे प्रयोजन सांगितले जाते व ते योग्यच आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ही पुस्तके मुख्यतः क्रियापदांची होत. ती मराठीत आणताना ही गोष्ट विसरली गेली, तर त्यांतील गंमत आणि शिकवण दोन्ही गळून पडतात.

शिगेओ वातानाबे यांचे, यासुओ ओहतोमो यांनी सचित्र केलेले एक जपानी पुस्तक येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्याचे इंग्रजी रूपांतर १९७९ मध्ये निघाले. त्यातील अस्वलाचे पिलू सदरा पायांत चढविते, विजार डोक्यावर ओढते. जपानीत धडावरील वस्त्रासाठी ‘किरु’, कमरेखालील वस्त्रासाठी व पादत्राणांसाठी ‘हाकु’, तर डोक्यावरील वस्तूसाठी ‘काबुरु’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. त्यामुळे पिलाची चूक नुसत्या क्रियापदानेही व्यक्त होऊ शकते. इंग्रजीला एकाच सामान्य क्रियापदावर भागवावे लागते व उरलेला भार चित्रावर आणि अवयवांच्या नावांवर पडतो. कोरियन भाषेतही अवयवांनुसार अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत, जरी त्यांच्या सीमा जपानीशी तंतोतंत जुळत नाहीत. सुंजा चोई व मेलिसा बॉवरमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, कोरियन मुले हे भेद अगदी लहान वयातच पाळू लागतात.

मराठीची तऱ्हा या दोहोंहून निराळी आहे. सदरा, टोपी, मोजे या सर्वांना ‘घालणे’ चालते. पण अवयव सप्तमीने सांगितला जातो: अंगात सदरा, पायांत मोजे, गळ्यात माळ. (वस्तुतः अंग सदऱ्यात असते, सदरा अंगात नव्हे, भाषेला त्याची पर्वा नाही.) म्हणजे जपानीतील विनोद मराठीत क्रियापदाकडून विभक्तीकडे सरकतो. ‘पायांत सदरा’ म्हणताच मूल हसेल.

परंतु खरा भेद पुढेच आहे. मराठी क्रियापद अवयवापेक्षा वस्त्र कसे धारण केले जाते याकडे पाहते. न शिवलेले वस्त्र कमरेभोवती गुंडाळले तर ‘नेसणे’, अंगावरून घेतले तर ‘पांघरणे’, फेटा ‘बांधणे’, गजरा ‘माळणे’. शिवाय ‘तिने झगा घातला’ असा कर्मणी प्रयोग होतो, तर ‘ती लुगडे नेसली’ हा कर्तरी. ‘ती दागिने ल्याली’ हेही तसेच. ‘शिकली’, ‘प्याली’ या क्रियापदांप्रमाणे येथेही क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळते. दुसऱ्याला वस्त्र घालताना ‘घालणे’ बदलत नाही, केवळ ‘बाळाला’ हे पद वाढते. ‘नेसणे’चे मात्र ‘नेसविणे’ होते. ‘माझे मी’ असा हट्ट धरणाऱ्या वयाच्या मुलासाठी हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही.

शहरी बोलीत हल्ली ‘साडी घातली’ असे सर्रास ऐकू येते. त्यावर केवळ नाक मुरडणे व्यर्थ होय. आयती शिवलेली साडी खरोखरच घातली जाते! तथापि ‘नेसणे’ हे क्रियापद कानी पडण्याचे प्रसंग लहान मुलाच्या दिवसात कमी झाले आहेत, हे खरे. कथावाचनात ते योजून आणावे लागतील. त्यासाठी खर्चिक साधने नकोत. एक पंचा पुरे. तोच पंचा नेसावा, पांघरावा, डोक्याला बांधावा, खांद्यावर टाकावा आणि प्रत्येक वेळी वाचणाऱ्याने क्रियापद स्पष्ट उच्चारावे. नंतर तोच खेळ बाहुलीवर करावा, म्हणजे ‘नेसली’ आणि ‘नेसविली’ ही रूपे मुलाच्या कानी लागोपाठ येतात. चित्रपुस्तकाच्या भाषांतरकारानेही एका पानावर तरी न शिवलेले वस्त्र आणावे. मूळ पुस्तकात ते नसले तरी चालेल.