एक रोगी, दोन व्याधी

शरीराचा आणि मनाचा अभ्यास करणारी शास्त्रे निरनिराळी असली, तरी रोगी एकच असतो. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांसारख्या व्याधी वर्षानुवर्षे माणसाच्या सोबतीला राहतात. त्यांच्या जोडीला विषण्णता किंवा चिंता आली, तर एकाच देहात दोन आजार नांदू लागतात. अशा रोग्याची पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाशी होत नाही. ती गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी आणि परिचारिकेशी होते. तेथे त्याच्या दुखण्याचा अर्धाच भाग ओळखला गेला, तर उपचारही अर्धाच होतो.

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध चंडीगडमध्ये घेतला गेला. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढच्याच वर्षी डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तिच्या मानसोपचार विभागाची धुरा घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली सात देशांत एक संयुक्त अभ्यास हाती घेतला, तेव्हा भारतातील काम या विभागाकडे आले. त्यासाठी हरियाणातील रायपूर राणी हा ग्रामीण विकासगट निवडण्यात आला. मनाच्या आजारांवरील उपचार मोठ्या रुग्णालयातून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतील काय, हा त्या अभ्यासाचा विषय होता.

भारत, कोलंबिया, फिलिपाईन्स व सुदान या चार देशांतील निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. आरोग्य केंद्रांत आलेल्या १,६२४ रुग्णांपैकी २२५ जणांना, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांना, मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांनी तक्रार सांगितली होती ती मात्र शरीराची: डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा. आरोग्य कर्मचाऱ्यांना या विकारांपैकी केवळ एक तृतीयांश ओळखता आले. याच अभ्यासासाठी २० सोप्या प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. झोप, भूक, थकवा, भीती यांविषयीच्या त्या प्रश्नांना रोग्याने केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यावयाचे असते. अशा साधनांच्या व थोड्या प्रशिक्षणाच्या बळावर सामान्य कर्मचारीही हे काम करू शकतात, असा अनुभव रायपूर राणी येथे आला. १९८२ साली भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला, त्यामागे या अनुभवाचा मोठा आधार होता.

दोन्ही व्याधी एकमेकींना कशा पोसतात, हे आता पुष्कळसे कळले आहे. मधुमेही माणसांत विषण्णतेचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. मन खचले की औषध घेणे, चालावयास जाणे, पथ्य पाळणे या गोष्टींचा उत्साह मावळतो. दीर्घकाळच्या ताणाने शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि त्यामुळे रक्तातील साखरही वाढते. साखर आटोक्याबाहेर गेली की थकवा व निराशा आणखी बळावते. उलट, गंभीर मानसिक आजारावरील काही औषधांनी वजन व साखर वाढते; म्हणून त्या रोग्यांची शारीरिक तपासणीही तितकीच आवश्यक असते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आयुष्य इतरांहून १० ते २० वर्षांनी कमी भरते. यांतील अनेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांनीच होतात.

दोन्ही आजारांवर एकत्र उपचार केल्यास काय होते, याचेही पुरावे भारतात मिळाले आहेत. गोव्यातील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१० साली आले, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना डॉक्टरांच्या जोडीला बसविण्यात आले. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्याकडील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. पुढे दिल्ली, चेन्नई, बंगळुरू व विशाखापट्टणम येथील मधुमेह चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर संयुक्त उपचार पारखण्यात आले. एक सेवा-समन्वयक रोग्याची साखर, रक्तदाब व मनःस्थिती यांची एकत्र नोंद ठेवी आणि तज्ज्ञांचा सल्ला घेई. दोन वर्षांनी मन व शरीर या दोहोंत निश्चित सुधारणा झालेले रुग्ण ७१.६ टक्के होते. नेहमीच्या उपचारांत ते ५७.४ टक्के होते.

या यशासाठी लागले ते नियमित चौकशी, नोंदवही आणि जोडीला उभा राहणारा एक माणूस. या गोष्टी महागड्या यंत्रांसारख्या दुर्मिळ नाहीत. मात्र औषध देणाऱ्या हाताला थोडा वेळ आणि थोडे शिक्षण मिळाले पाहिजे. रोग्यालाही एक गोष्ट ठाऊक असावी: साखरेचा आकडा सांगताना झोप व उत्साह यांविषयी सांगणे ही दुर्बलता नव्हे, तो तपासणीचाच भाग आहे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ते सांगावे. मन फारच खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क साहाय्य देतो.