यादी आली, पुस्तकं कुठायत?

"मॅडम, ही सात पुस्तकं काढून द्याल का? उद्या सरांना दाखवायचीयेत."

परवा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक विद्यार्थिनी मोबाईल पुढे करत म्हणाली. लग्नानंतर चौदा वर्षांनी एम.ए.ला प्रवेश घेतलेली. डबे, सासूबाईंची औषधं, मुलीची शाळा सगळं उरकून एसटीने येते. प्रकल्पाचा विषय महिला बचत गट.

यादी कशी सुरेख! लेखक, प्रकाशक, साल, सगळं जागच्या जागी. मी आमच्या सूचीत शोधलं, विद्यापीठाच्या सूचीत शोधलं. दोन सापडली. बाकी पाचांचा कुठेच पत्ता नाही. एका लेखिकेचं नाव खरं, पण त्या नावाचं पुस्तक तिने लिहिलेलंच नाही!

"कुठून आणलीस गं ही यादी?"

"एआयला विचारलं." तिचा चेहराच पडला. "मला आता अभ्यास जमायचाच नाही बहुतेक."

मैत्रिणींनो, दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. एआय काय करतं, तर वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधतं. पुस्तक मागितलं की खऱ्यासारखं वाटणारं नाव जुळवून देतं. ते खरंच छापलं गेलंय का, हे दर वेळी तपासतंच असं नाही. बोलतं मात्र छातीठोकपणे! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. वकील फसतात, तिथे आपलं काय!

मग एआयला हातच लावायचा नाही का? तसं नाही. त्याच्याकडे पुस्तकं मागू नका, शोधायचे शब्द मागा. आम्ही विचारलं, बचत गटांवरचं लेखन कोणकोणत्या नावांनी सापडेल? 'स्वयंसहायता गट', 'सेल्फ हेल्प ग्रुप', 'मायक्रोफायनान्स' असे शब्द मिळाले. तेच 'शोधगंगा'वर घातले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. एका प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची उघडली, तर पुस्तकांची रांगच! त्यातली तीन आमच्याच कपाटात होती. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही असंच मोफत आहे.

नियम एकच. जे पुस्तक स्वतः उघडून पाहिलं नाही, ते संदर्भात लिहायचं नाही. भाजीवाला 'ताजी आहे ताई' म्हणाला, तरी आपण भेंडीचं टोक मोडून बघतोच ना? तसंच हे.

पाचच्या एसटीची वेळ झाली, तशी तिने पुस्तकं पिशवीत भरली. दारातून वळून म्हणाली, "मॅडम, उद्या सरांनी विचारलं तर पान नंबरसुद्धा सांगेन!"