तीन सरकारे आणि एक सातबारा

लोक जिला ‘बार्शी लाइट’ म्हणत, ती छोटी आगगाडी १८९७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते; मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाचे साडेपाच फूट. ह्या दोन मार्गांची गाठ कुर्डुवाडीस पडे. बार्शीच्या पेठेतील माल तेथे पोहोचला म्हणजे छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरावा लागे. दोन्ही गाड्या आपापल्या मार्गाने नीट धावत असल्या तरी ह्या उतरचढीचा भुर्दंड अखेर मालाच्या धन्यासच सोसावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि ही अडचण संपली. तथापि बार्शी तालुक्यातील शेतकऱ्याचे सरकारी काम, ते संगणकावर आल्यानंतरही, अशा अनेक कुर्डुवाड्या ओलांडीत असते. हे असे का व्हावे, ह्याचा विचार करण्यासारखा आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना आरंभिली. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनी, थेट बँकेच्या खात्यात मिळावेत, अशी ही व्यवस्था. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली तितक्याच रकमेची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना तिला जोडून दिली. आता ह्या एका हप्त्यामागे किती हात लागतात ते पाहावे. योजनेचे नियम केंद्राचे. आधारक्रमांकाची व्यवस्थाही केंद्राची. देशातील पहिला आधारक्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला होता. परंतु राज्यघटनेप्रमाणे जमीन हा राज्याचा विषय असल्यामुळे सातबारा ठेवावयाचा तो राज्याच्या महसूल खात्याने. त्यातील फेरफार गावच्या तलाठ्याने लिहावयाचा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावयाचा. शिवाय योजनेचे काम राज्यात महसूल, कृषी व ग्रामविकास अशा तीन खात्यांत वाटलेले आहे.

समजा, वैराग भागातील एका शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर ‘दगडू’ असे आहे आणि आधारपत्रावर ‘दगडोबा’ असे आहे. गावात ह्या दोन नावांचा माणूस एकच, हे लहान मूलही सांगेल. यंत्रास मात्र ते दोघे इसम वाटतात आणि हप्ता थांबण्याचा संभव उत्पन्न होतो. आधारावरील नाव बदलावयाचे तर आधारकेंद्रात जावे. सातबाऱ्यावरील लेखनप्रमाद दुरुस्त करावयाचा तर जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमान्वये तहसीलदाराकडे अर्ज करावा. आणि खात्यास आधार जोडलेला नसेल तर बँक गाठावी. प्रत्येक ठिकाणचा कारकून आपल्यापुरते खरेच सांगत असतो. तरीसुद्धा पेरणीच्या दिवसांत बियाण्यासाठी हाताशी यावयाचे २,००० रुपये अडून राहतात आणि शेतकऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

ह्या अडचणीचे मूळ यंत्रात शोधून सापडणार नाही. प्रत्येक पायरीवर यश मोजण्याचे माप निराळे आहे, तेथे ते सापडते. अपात्र माणसाच्या हाती पैसा जाऊ नये, ही केंद्राची मुख्य काळजी. म्हणून ते अटी कडक करते. राज्यास जमिनीची नोंद बिनचूक व वादरहित हवी. म्हणून फेरफाराची नोटीस, हरकतीची मुदत व प्रमाणन ही सारी पथ्ये पाळावी लागतात आणि त्यांस वेळ लागतो. तालुक्याच्या कचेरीस प्रलंबित अर्जांची संख्या कमी करावयाची असते. तेव्हा त्रुटी काढून परत केलेला अर्जही हिशेबी निकाली निघाला असे होऊ शकते. तिन्ही हेतू आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. पण शेतकऱ्याचा हेतू, म्हणजे हक्काचा पैसा वेळेवर पदरात पडावा, हा कोणत्याच तक्त्यातील रकाना नाही.

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम करून अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या, हे पाऊल चांगलेच होय. परंतु तो कायदा राज्याच्या सेवांपुरता. केंद्राच्या योजनेतील हप्ता का अडला, ह्याचे उत्तर त्या मुदतीत बसत नाही.

मग मेळ घालावा कसा? एक उदाहरण बार्शीच्या व्यापाऱ्यांस चांगले परिचयाचे आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. तत्पूर्वी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून केंद्र व राज्ये ह्यांची एक परिषद स्थापन झाली. तीत मतांचा एकतृतीयांश भार केंद्राचा व दोनतृतीयांश राज्यांचा असून, निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागते. करदात्यासाठी संगणकव्यवस्थाही सर्वांची मिळून एकच ठेवली. ती पहिल्या दिवसापासून निर्दोष चालली असे नाही; पण आधी एकत्र बसून ठरवावयाचे व मग यंत्र उभारावयाचे, हा क्रम तेथे पाळला गेला.

शेतकऱ्याच्या बाबतीतही तीन गोष्टी आधीच ठरविता येतील. पहिली, यशाचे माप सर्वांचे एकच असावे: पात्र माणसास किती दिवसांत लाभ पोहोचला. दुसरी, एक माहिती एकाच कचेरीने नोंदावी व इतरांनी तीच वाचावी. तिसरी, चूक जेथे ओळखू येते तेथेच, म्हणजे गावाच्या पातळीवर, ती दुरुस्त करण्याचा अधिकार व साधन असावे. आणि वरून अडलेल्या हप्त्याचे कारण साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत खाली यावे. ह्या मेळात गावास स्थान नसेल, तर वरच्या दोघांचे कितीही जुळले तरी काम अर्धेच राहील.

रुळांची रुंदी एक झाली म्हणून बार्शीच्या मालाची उतरचढ थांबली. सरकारांच्या हेतूंची रुंदी एक झाली, तर दगडू आणि दगडोबा हे एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी शेतकऱ्यास तीन उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.